अध्यक्षांच्या तोंडची वाक्यं

सोसायटीचे अध्यक्ष दारात उभे राहून म्हणाले, "काकू, यंदा वर्धापन दिनाला नाटक बसवतोय. प्रॉम्प्टिंगला तुम्ही बसाल का?"

शिवणकाकूंनी ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या, उशीत खोचल्या आणि म्हणाल्या, "बसेन की."

वर्षभर या बाईनं शिवलेले कपडे वर पोचवायला जाताना अध्यक्षांना पाहून लिफ्ट सोडली होती, पार्किंगमधून जाताना पाठ फिरवली होती, आणि आज एका शब्दात कबूल. दुसरा कुणी असता तर त्याला घाम फुटला असता. अध्यक्ष मात्र खूश होऊन निघून गेले. आपल्यावर कुणी फार दिवस रागावूच शकत नाही, असा त्यांचा स्वतःबद्दल गोड समज होता.

तळमजल्यावरच्या त्या घरात पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीला लागून शिलाई मशीन, दारामागे लोकांच्या आखूड करायच्या पँटी आणि चेन गेलेली जाकिटं, आणि मशीनच्या पलीकडे खुर्चीत काकूंचे यजमान. अध्यक्षांचा आवाज आला तसं काकांनी वर्तमानपत्र नाकाच्या वर घेतलं आणि ते गेल्यावर खाली केलं. काकूंकडे एकदा पाहिलं. बोलले काहीच नाहीत. गेलं वर्षभर ते कुणाशीच बोलले नव्हते.

आणि हेच काका एकेकाळी बसस्टँडचा आवाज होते. नोकरीभर काचेच्या खोलीत बसून त्यांनी गाड्या आल्या-गेल्याचं सांगितलं. त्यांनी फलाट सांगितला की डुलक्या घेणारा माणूससुद्धा उठून बरोबर गाडीत चढायचा. सोसायटीतही माईक त्यांच्याच हातात. कुणी स्कूटर आडवी लावली, कुणाचं पोर हरवलं, जेवायला आधी कोणत्या बिल्डिंगनं यायचं, सगळं तेच सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आपल्या स्कूटरची एवढी शान आपल्याला माहीतच नव्हती. नाटक असलं की ते विंगेत बसून नटांना वाक्यं द्यायचे. शेजारी काकू सुईदोरा घेऊन कुणाचं बटण, कुणाची बाही सावरत बसलेल्या असायच्या.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजाचा बराच भाग गेला. उरला तो चरचरीत, फाटका, दोन शब्दांनंतर दम लागणारा. पण काका जिद्दीचे. आरशासमोर बसून रोज सकाळी सराव करायचे. आधी नुसता आ, मग 'चहा', मग 'चहा दे', मग एक दिवस 'चहात साखर कमी आहे'. त्या दिवशी काकूंनी मुद्दाम दुसऱ्या कपातही साखर कमी घातली.

मागच्या वर्धापन दिनाला काका विंगेत बसू शकणार नव्हते, म्हणून नाटकाऐवजी नाच आणि नकला ठेवल्या होत्या. काका नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. अध्यक्ष नक्कल करायला उठले. त्यांनी गळ्यावर हात धरला, डोळे मोठे केले आणि पत्रा खरवडल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "लिफ्ट... क्रमांक दोन... आज... उशिरा... धावत आहे." सगळी सोसायटी खो खो हसली. बायका डोळे पुसू लागल्या. काकाही हसले. त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. घरी आले, पाणी प्यायले, शर्टाची घडी घातली आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडातून शब्द निघाला नाही. आरशासमोरचा सरावही बंद. हवं-नको खुणेनं.

काकू अध्यक्षांकडे गेल्या होत्या. फार काही मागायला नाही. एकदा घरी या आणि त्यांच्याशी दोन शब्द बोला, एवढंच. अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो काकू, गंमत होती ती. ते स्वतः हसले ना?"

ते वाक्य काकूंच्या जिव्हारी लागलं. मशीन चालवताना, भाजी चिरताना, इस्त्री फिरवताना ते डोक्यात वाजत राहायचं. त्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की घसा बरा आहे, बोलले पाहिजेत. वापरला नाही तर आहे हा आवाजही जाईल. म्हणजे त्या एका नकलेनं काकूंच्या घरातून जे गेलं होतं, ते आता कायमचंच जाण्याच्या बेतात होतं. काकू मवाळ बाई असत्या तर रडल्या असत्या. त्या मवाळ नव्हत्या. उट्टं काढल्याशिवाय मी राहणार नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि संधीची वाट पाहत बसल्या. आणि संधी अशी की ती स्वतः येऊन दारात विचारून गेली.

सोसायटीचं नाटक एकच होतं. औषधांच्या दुकानवाल्यानं तरुणपणी लिहिलेलं, आणि दुसरं कुणी लिहिलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा तेच. एक तापट बाप मुलाला घराबाहेर काढतो आणि शेवटच्या प्रवेशात त्याची माफी मागतो. बाप नेहमी अध्यक्षच. त्यांना एक वाक्य कधी पाठ झालं नाही आणि त्याची गरजही पडली नाही, कारण त्यांच्याकडे एक वेगळीच कला होती. विंगेतून आलेलं वाक्य त्यांच्या कानात शिरायचं आणि डोक्याच्या वाटेला न जाता थेट तोंडातून बाहेर पडायचं, तेही भरल्या गळ्यानं. अर्थ त्यांना घरी गेल्यावर कळत असावा. एक गोष्ट मात्र त्यांना सहन व्हायची नाही, ती म्हणजे शांतता. स्टेजवर क्षणभर कुणी बोललं नाही की ते कासावीस व्हायचे आणि विंगेकडे असे बघायचे की भुकेलं मूल आईकडे काय बघेल.

काकूंनी तालमीतच खात्री करून घेतली. बापाचा हुंदका चालू असताना त्या वहीवरून नजर न काढता, त्याच हलक्या आवाजात म्हणाल्या, "ती खुर्ची जरा मागे घ्या." आणि अध्यक्ष छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "ती खुर्ची जरा मागे घ्या!" बाकीचे हसले. मुलाचं काम करणारा दातांचा डॉक्टर तर गुडघ्यावरून खालीच बसला. काकू हसल्या नाहीत. अध्यक्षांना पाणी पाजायला पाणीसुद्धा लागणार नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पुढचे दिवस त्यांनी मशीनवर बसून वाक्यं जुळवली. जाकिटाची जुनी चेन उसवता उसवता एखादा शब्द सापडायचा, पँट आखूड करताना एखादं वाक्य आखूड व्हायचं. सोपी, छोटी, एका दमात म्हणता येतील अशी. समोर काका बसलेले असायचे. यांना काय माहीत, असं काकूंना वाटायचं आणि आतल्या आत गुदगुल्या व्हायच्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या कामावर बसून गुणगुणत होत्या.

नाटकाच्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "चला ना खाली. मागच्या रांगेत बसा हवं तर."

काकांनी हातानं नको म्हटलं.

"बरं. खिडकी उघडी ठेवते. कोंदट होतंय." खिडकी थेट पटांगणाकडे होती आणि लाऊडस्पीकर खिडकीच्या जवळ बांधला होता. तो तिथे बांधून घ्यायला काकूंनी वायरमनला चहा पाजला होता.

पटांगण भरलं होतं. झाडांना दिव्यांच्या माळा, गच्चीपासून गच्चीपर्यंत कागदी पताका, कडेला जेवणाची टेबलं मांडलेली. पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या बायको मोबाईल उभा धरून सगळं टिपत होत्या. पहिले दोन अंक काकूंनी चोख वाक्यं दिली. अध्यक्ष रंगात आले. लोकांनी दोनदा टाळ्या दिल्या आणि त्यांचा आवाज आणखी चढला.

शेवटचा प्रवेश आला. मुलगा गुडघ्यावर बसलेला, बापाचा हात त्याच्या डोक्यावर. पडद्याआड काकूंनी वहीचं पान उलटलं आणि वही मांडीवर मिटून ठेवली.

"मी चुकलो," त्या म्हणाल्या. हे नाटकातलंच होतं.

"मी चुकलो!" अध्यक्ष म्हणाले.

"एक माणूस होता. त्याच्या आवाजावर अख्खा बसस्टँड चालायचा."

अध्यक्षांनी तेही म्हटलं, तितक्याच दर्दभऱ्या गळ्यानं. दातांच्या डॉक्टरनं मान वर केली.

"त्याचा घसा कापला. उरलेल्या आवाजावर तो कसाबसा बोलायला शिकत होता."

आता अध्यक्षांचं तोंड पुढे आणि डोकं मागून धावत होतं. वाक्य बाहेर पडल्यावर त्यांना कळलं. त्यांनी विंगेकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि पुढचं वाक्य दिलं नाही. थांबल्या. पटांगणात लहान पोरंसुद्धा गप्प होती. अध्यक्षांच्या कपाळावरून घाम गालावर आला. त्यांनी नाटकातलं काही आठवायचा प्रयत्न केला असेल, पण आठवायला काही असायला हवं ना. काकू ती शांतता चवीनं चाखत होत्या. एवढ्यासाठी त्या वर्षभर जगल्या होत्या म्हटलं तरी चालेल. मग त्यांनी वाक्य दिलं.

"मी सगळ्यांसमोर त्याची नक्कल केली."

शांततेपेक्षा ते बरं. अध्यक्षांनी ते म्हटलं.

"तुम्ही सगळे हसलात. तो पण हसला. आणि मग तो बोलायचाच थांबला."

म्हटलं.

"मी त्याच्या दारात एकदाही गेलो नाही."

हे म्हणताना अध्यक्षांचा आवाज खरोखर फुटला. पहिल्या रांगेतला मोबाईल खाली आला. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. काकूंनी वही उघडली आणि नाटकातलं शेवटचं "मला माफ कर" देऊन पडद्याची दोरी ओढली.

पडदा पडताच अध्यक्ष विंगेत आले. चेहरा पांढराफटक, मिशीचा एक कोपरा सुटलेला. "काकू, हे काय केलंत तुम्ही?"

काकू वही पिशवीत घालत म्हणाल्या, "गंमत होती हो. तुम्ही स्वतः रडलात ना?"

इथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण पडद्यापलीकडे आधी एक टाळी वाजली, मग दोन, मग सगळं पटांगण उभं राहिलं. लोक स्टेजवर चढून आले. कुणी अध्यक्षांचा हात धरला, कुणी मिठी मारली. "केवढं मोठं मन लागतं हो याला!" "सगळ्यांसमोर कबूल करायचं म्हणजे खायचं काम नाही." औषधवाल्यानं तर आपल्या नाटकात हे आधीपासूनच सुचवलेलं होतं असं सांगून टाकलं. अध्यक्षांचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू त्यावर रंग परत आला. त्यांनी सुटलेली मिशी दाबून बसवली आणि म्हणाले, "बरेच दिवस मनात होतं. म्हटलं, आज बोलून टाकू."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. जमवलेला सूड, एकेक टाका घालून शिवलेला, आणि हा माणूस तो अंगात घालून मिरवत होता. त्यांना पुढे होऊन सांगावंसं वाटलं की ही वाक्यं याची नाहीत, माझी आहेत. पण कोण ऐकणार? दोन माणसांनी त्यांनाही म्हटलं, "काकू, आता तरी सोडा राग. बघा, माफी मागितली ना बिचाऱ्यानं." बिचाऱ्यानं! जेवायलाही न थांबता काकू दात-ओठ खात घरी निघाल्या.

घरात दिवा लागलेला होता. काका खिडकीशी उभे होते, दोन्ही हात चौकटीवर. काकूंनी पिशवी मशीनवर आदळली. "ऐकलंत ना? मला वाटलं होतं, त्याचं तोंड कायमचं बंद करीन. आणि आता उलट तोच हिरो झाला. लोक त्याला कडेवर घ्यायचे बाकी आहेत."

काका वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. काकूंना वाटलं, त्यांना ताप चढलाय. मग त्यांनी पाहिलं की ते रागावलेत, आणि राग अध्यक्षांवर नाही.

"वाक्य," काका म्हणाले. चरचरीत, पार गंजलेला आवाज. त्यांनी आवंढा गिळला. "वाक्य... बदललंस."

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"प्रॉम्प्टर..." दम लागला. त्यांनी खिडकी धरली. "स्वतःचं वाक्य... देत नाही. कधीच... नाही. नट... विश्वासावर... उभा असतो."

तोच आवाज, ज्याची नक्कल झाली होती. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ते तसंच ढकललं आत. आपण रडलो तर हे समजूत घालायला पाठीवर हात ठेवतील आणि पुन्हा गप्प होतील, हे त्यांना नवऱ्याबरोबर इतकी वर्षं काढून पक्कं ठाऊक होतं. रागावलेलं माणूसच बोलतं. त्यांनी पदर खोचल्यासारखे हात कमरेवर ठेवले.

"दिलं," त्या म्हणाल्या. "स्वतःचं दिलं. त्याला तसंच पाहिजे."

"चूक... केलीस."

"मुळीच नाही."

"चूक!" हा शब्द एका दमात आला. काका स्वतःच थबकले. मग बोट उगारून पुन्हा सुरू झाले, विंगेत कसं बसायचं, वही कशी धरायची, आवाज कुठून काढायचा. प्रत्येक शब्दानंतर थांबत, खोकत, पण थांबायचं नाव घेत नव्हते. बाहेर लोकांनी अध्यक्षांना खांद्यावर उचललं असावं, असा गलका आला. काकूंनी जाऊन खिडकी लावून घेतली. तो बाहेरचा माणूस आता त्यांच्या खिजगणतीत नव्हता.

दम लागून काका खुर्चीत बसले आणि त्यांनी पाण्यासाठी हात पुढे केला. नुसता हात. खूण.

काकूंनी पेला भरला, पण दिला नाही. हातातच धरून म्हणाल्या, "आणि खरं सांगू? दुसऱ्या अंकात मी अर्धं पान गाळलं. कुणाला कळलंसुद्धा नाही."

काकांनी हात मागे घेतला, ताठ बसले आणि तोंड उघडलं.

काकूंनी काहीही गाळलं नव्हतं.