वाजणाऱ्या दगडाची चिठ्ठी

नरहरी गेला हे मला मोताळ्याच्या आठवडी बाजारात कळलं. चिखलीहून आलेल्या एसटीचा कंडक्टर म्हणाला, "गुर्जी, तुमचे भूगोलाचे सर गेले सकायी. तुमाले ठाऊक नाई?" हातातली वांग्यांची पिशवी मी कुठे ठेवली, आठवत नाही. त्याला आता महिना झाला.

निवृत्त होऊन मोताळ्याला येईपर्यंत मी चिखलीच्या शाळेत त्याच्या शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. त्याने पोरांसाठी दगडांचं कपाट जमवलं होतं. प्रत्येक दगडाखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी, पेन्सिलीने दाबून लिहिलेली. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या मेव्हण्याने एकदा जपानहून काळा दगड आणला. नरहरीने बघितल्या बघितल्या लिहून टाकलं, बेसाल्ट! आमच्याकडे विहीर खणा नाहीतर शेत नांगरा, काळा दगड निघाला की तो बेसाल्टच. दुसरं काही डोक्यात येतच नाही. पण हा दगड ठोकला की घंटेसारखा वाजायचा. मी चिडवायचो, "काऊन बे, तुहा बेसाल्ट गाऊन राह्यला का?" तो हसायचा, पण त्याला ते डाचायचं. खूप वर्षांनी त्याने एक तुकडा नागपूरला, प्रयोगशाळेत लागलेल्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाठवला.

उत्तर आलं तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. मीच पत्र वाचून दाखवलं. दगडात सिलिका बेसाल्टपेक्षा जास्त, आणि इतक्या सिलिकेच्या खडकात सहसा नसतं एवढं मॅग्नेशियम. नेहमीच्या कुठल्याच खणात न बसणारा. नाव सानुकाइट. समुद्राचा तळ शेजारच्या भूभागाखाली सरकतो, पाणी सोबत नेतो, त्या पाण्याने खोलवरचा तापलेला खडक वितळतो. त्यातून हा जन्मतो, असं आता मानतात म्हणे.

त्याने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाला, "इतकी वर्षं पोरायले चुकीचं शिकवलं मी. चिठ्ठी बदलजो. नाव लिही, अन् जन्मबी लिही."

"बाजूले दुसरी लावतो ना."

"नाई. आधी खोड. चूक ठेवली का पोरं तेच पाठ करतात."

मी हो म्हटलं आणि टाळत राहिलो. तो होता तोवर आळस. गेल्यावर त्याचं अक्षर खोडायचा धीर होईना. स्वतःची लाज वाटत होती.

काल चिखलीला गेलो. कपाट उघडलं, रबराने 'बेसाल्ट' खोडलं, नवं नाव लिहिलं, जन्मही लिहिला. मग चिठ्ठी खिडकीपाशी धरली... दाबून लिहायची खोड मेल्याची! खोडलेला शब्द पुठ्ठ्यात तसाच रुतलेला. बोट फिरवलं की लागतो.