वडखळला बंद पडणारी गाडी

माझ्या मोटारसायकलचं मीटर पाच आकडी आहे. ते एकदा नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव ओलांडून शून्यावर आलं आणि आता पुन्हा बेचाळीस हजारांच्या पुढे गेलंय. सोसायटीतली माणसं पार्किंगमध्ये भेटली की विचारतात, "अजून चालते?" असं विचारतात की जणू गाडी नाही, अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. मी "पळते" म्हणतो आणि पुढे जातो.

ही गाडी मी लांबच्या प्रवासासाठीच घेतली होती. बेलापूरच्या सरकारी ऑफिसात फायलींवर शेरे मारण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण सुट्टी मिळाली की मी आणि बायको नेरुळमधून बाहेर पडायचो. कोकणात तर किती वेळा गेलो ते मोजलं नाही, एकदा हंपीपर्यंत जाऊन आलो. ती मागे बसायची. पुढे गतिरोधक आहे हे मला दिसायच्या आधी तिला दिसायचं आणि माझ्या उजव्या खांद्यावर बोट टेकायचं. रस्ता चुकला तर डाव्या. इतक्या वर्षांत या पद्धतीत बदल झाला नाही.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर ती म्हणाली, "यापुढे मुरुडला मी एसटीने जात जाईन," तेव्हा मी हातातला पेपर खाली ठेवला. मुरुडला तिची मोठी बहीण राहते आणि दर आठ-पंधरा दिवसांनी आमची तिथे फेरी असते. ती रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण राग मला कळतो, माझ्या तर नाकावरच असतो. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता बोलली, दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं तसं. ती असं का म्हणाली ते सांगताना माझी काही शोभा राहत नाही, पण सांगतो.

दसऱ्यानंतर गाडीला एक विचित्र खोड लागली होती. नेरुळमध्ये, वाशीला, बेलापूरला कुठेही न्या, एका किकमध्ये सुरू आणि कुरकुर नाही. मुरुडच्या रस्त्याला लागलो की मात्र पनवेल, कर्नाळा, पेण सगळं ठीक जायचं आणि वडखळच्या आसपास इंजिन आचके द्यायला लागायचं. दोन-तीनदा खोकल्यासारखं करून बंद. मी उतरायचो, आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचो, कारण या गाडीला पेट्रोलचा काटा नाही. पेट्रोल भरपूर असायचं. मग मी तापलेला प्लग काढायचो, बोटं भाजून घ्यायचो, प्लग पुसून परत लावायचो आणि किक मारायचो. गाडी सुरू! म्हणजे प्लगच खराब, असं मी ठरवलं आणि नवा प्लग घातला. पुढच्या फेरीला पुन्हा वडखळ, पुन्हा तेच. मग मिस्त्रीकडून कॉइल बदलून घेतली. मग कार्बोरेटर उघडून साफ केला. मग पेट्रोलचा फिल्टर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे मी एकेक निरपराध पार्ट बाहेर काढत होतो.

दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर, आम्ही पुन्हा निघालो आणि गाडी पुन्हा बंद पडली. भर दुपार होती. शेजारून ट्रेलर जात होते आणि प्रत्येक ट्रेलरबरोबर धुळीचा एक लोट आमच्या अंगावर येत होता. बायको रस्त्याच्या कडेला पिशवी पोटाशी धरून उभी होती. मी प्लगशी झटापट करत होतो आणि डोकं फिरलं होतं. तेव्हा मी म्हणालो, "एकटा असतो तेव्हा ही कधी बंद पडत नाही. तू मागे बसलीस की पडते. काय तुझा पायगुण आहे कोण जाणे!"

बोललो आणि ते माझ्याच कानांनी ऐकलंही, पण शब्द परत घेतला नाही. गाडी सुरू झाली, आम्ही मुरुडला जाऊन आलो, आणि दोन दिवसांनी तिने ते एसटीचं सांगितलं. सव्वीस वर्षं जी बाई पाऊस-पाण्यात माझ्या मागे बसली, तिला मी पायगुणाचं बोललो. मला फार लाज वाटत होती. पण लाज वाटली की माफी मागावी हे मला जमत नाही. मी मनाशी ठरवलं की गाडी एकदा दुरुस्त झाली की सगळं आपोआप मिटेल.

माझा मिस्त्री तुर्भ्याला आहे. मूळचा उरणजवळच्या एका गावचा, साठीला आलेला, दाढी पिकलेली. त्याच्या शेडमध्ये जास्त करून टेम्पो येतात, पण जुन्या मोटारसायकलवर त्याचा जीव. एके सकाळी मी जाऊन म्हणालो, "आता इंजिनचं टायमिंग बघू या." त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"साहेब, एक बोलू? राग नका मानू. महिना झाला, तुमी रोग पन सांगता आनि औषध पन सांगता. मी फक्त पार्ट बदलतोय. माझ्यासमोर गाडी कधी बंद पडली?"

"इथे पडतच नाही ना."

"मग पडते तिथं चला. टाकी फुल करा. मी मागं बसतो."

"फुल कशाला?"

"मुरुडला जाताना फुल करता ना? मग आज पन फुल करायची."

वडखळपर्यंत जायला त्याला वेळ नव्हता, शुक्रवार होता आणि नमाजाच्या आधी त्याला परत यायचं होतं. म्हणून आम्ही उरणच्या रस्त्याला लागलो, म्हणाला मोऱ्याच्या जेट्टीपर्यंत जाऊ, अंतर पुरेसं आहे. बायकोच्या जागेवर दुसरं माणूस बसलेलं मला फार चमत्कारिक वाटत होतं. गतिरोधक आला तरी खांद्यावर बोट नाही, आणि त्यामुळे मी दोन गतिरोधकांवर चांगलाच आपटलो. कंटेनरची रांग ओलांडली, उरण मागे टाकलं, आणि मोऱ्याच्या जेट्टीच्या थोडं अलीकडे, जिथून खाडीचा वास यायला लागतो तिथे, गाडीने आचका दिला. मला आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा आनंद झाला.

मी सवयीने उतरलो आणि किल्ली झाकणाला लावली.

"थांबा!" मिस्त्री म्हणाला. "हेल्मेट काढा आधी. आनि कानात काय घातलंय ते?"

लांबच्या प्रवासात वाऱ्याचा आवाज सहन होत नाही म्हणून मी कानात कापसाचे बोळे घालतो. ते काढले.

"आता उघडा. सावकाश."

मी झाकण फिरवलं. फुस्स. कुकरची शिटी काढल्यावर येतो तसा, पण बारीक आवाज. त्यानंतर त्याने प्लगला हात लावला नाही, कशालाच नाही. अर्धा मिनिट नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "मारा किक." गाडी सुरू झाली.

"काय पन झालेलं नाय गाडीला," तो म्हणाला. "तेलाचा डबा असतो ना, त्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? दुसरं पाडायला लागतं, हवेला. टाकीला पन तसंच हाय. झाकनाला बारीक भोक असतं, ते बुजलंय. पेट्रोल खाली जातं, हवा आत येत नाय. टाकी फुल असली की हवेला जागा कमी, लवकर अडकतं. गावात टाकी अर्धी, अंतर पन थोडं, म्हनून तिथं कळत नाय. तुमी झाकन उघडता तेव्हाच ती बरी होते, आनि तुमाला वाटतं प्लगनं झाली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"मागं कोन बसतं तुमच्या?" त्याने विचारलं.

"बायको."

"त्यांना आला असनार आवाज."

आला होता. तिथेच उभ्या उभ्या मला ते आठवलं. दिवाळीच्या त्या दुपारी, मी प्लगचा पाना शोधत असताना, ती म्हणाली होती, "अहो, तुम्ही झाकण उघडलंत तेव्हा फुस्स झालं." आणि मी म्हणालो होतो, "गाडीतलं तुला काय कळतं?" पायगुणाचं बोललो ते त्याच्या नंतर.

मिस्त्रीने झाकण हातात घेतलं, सेफ्टी पिनने ते भोक कोरायला लागला आणि एकदम थांबला. पिनेच्या टोकावर लाल-पांढरं काहीतरी आलं होतं. त्याने ते निरखून पाहिलं.

"हे पूजेचं दिसतंय. रुमाल हाय?"

मी रुमाल पुढे केला. त्याने उरलेलं सगळं अलगद रुमालात काढलं आणि चौघडी घालून माझ्या हातात दिलं. "पूजेचं हाय, पायाखाली नको," म्हणाला आणि झाकण तोंडाजवळ नेऊन फुंकर मारून बघायला लागला.

ते दसऱ्याचं कुंकू होतं. दर वर्षी बायको गाडीच्या दिव्याला कुंकू लावते, अक्षता टाकते, हार घालते. या वेळी मी दिव्याची काच नवी बसवली होती, म्हणून तिला म्हणालो, "काचेवर नको, डाग राहतो." ती टाकीकडे वळली तेव्हा म्हणालो, "रंगावर नको. झाकणावर लाव, ते स्टीलचं आहे, पुसता येतं." ती हातात ताम्हन घेऊन माझ्या सूचना ऐकत उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरं पॉलिश आणून ते झाकण घासून घासून चकचकीत केलं. म्हणजे तिने कुंकू मी सांगितलं तिथे लावलं आणि ते भोकात मी स्वतःच्या हाताने ठासलं.

तुर्भ्याला मिस्त्रीला सोडून मी घरी आलो तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी लसूण सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. मोऱ्याचा रस्ता, तेलाचा डबा, फुस्स, कुंकू, पॉलिश. काही लपवलं नाही. ती फुस्स म्हणाली होती तेही मला आठवलंय, हेसुद्धा सांगितलं. मला वाटलं ती हसेल. एरवी माझी अशी फजिती झाली की दोन दिवस तिला विषय पुरतो.

ती हसली नाही. लसणाची पाकळी वाटीत टाकून म्हणाली, "म्हणजे माझा पायगुण चांगला आहे."

"चांगलाच आहे."

"आणि बिघाड सापडला नसता तर?"

महिनाभर मी गाडीचा दोष शोधत होतो, तो सापडला की तिच्यावरचा आळ जाईल या हिशेबाने. तिच्यावर आळ आलाच कसा, हे मी त्या हिशेबात धरलंच नव्हतं.

"तरी चांगलाच होता," मी म्हणालो. "माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

"हे तुम्हाला वडखळलाच म्हणता आलं असतं," ती म्हणाली. "त्याला मिस्त्री कशाला लागतो?"

तिने पुढची पाकळी घेतली. मीही एक गड्डा ओढून सोलायला बसलो, मला ते नीट येत नाही तरी.

त्या शनिवारी ती मुरुडला एसटीनेच गेली, ठरल्याप्रमाणे. मी दुपारी गाडी घेऊन निघालो आणि संध्याकाळी तिच्या बहिणीच्या दारात पोचलो. गाडी वाटेत कुठेही थांबली नाही, पण त्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रविवारी सकाळी चहा झाला, बहिणीने सुकटीची पुडी बांधून दिली, आणि मी अंगणात हेल्मेटचा पट्टा लावत असताना बायको बाहेर आली. तिने पिशवी गाडीला अडकवली आणि मागे बसली. बस किती वाजता आहे, हे मी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर वडखळ मागे पडलं ते मला पेणला कळलं, कारण या वेळी कानात बोळे नव्हते, ती मागून बहिणीच्या सुनेचं काहीतरी सांगत होती आणि मी ते ऐकत होतो.