इंजिन मऊ पाडायचा दिवस

आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा निघाला, अन् आमची सतरंजी खराब झाली. फजिती माझीच आहे, तं माझ्याच तोंडून ऐका. गावात लोक तिखट-मीठ लावून सांगतात. मी जसं झालं तसं सांगतो, त्यात तिखट टाकायले जागाच नाही!

माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, सतरंज्या, भाताचे मोठमोठे गंज, भोंगे, सारं मिळते. अन् हे सारं वाहायले मोठी मेटाडोर. पेट्रोलवरची, जुनी. तिच्यात अर्धं गाव मावत होतं, पण पेट्रोल साऱ्या गावाचं पीत होती. मागच्या पावसाळ्यात तिच्या इंजिनानं राम म्हटला.

माझी बायको सुनंदा म्हणाली, "द्या भंगारात."

"भंगारात? अवं, ह्याच गाडीत तुह्यी वरात आणली होती!"

"म्हणूनच म्हणून राहिली. तेव्हाही वाटेत बंद पडली होती. शालू नेसून धक्का मारला होता म्या."

हे खरंच होतं. पण माझा जीव त्या गाडीत अडकलेला. अहो, बिछायतवाल्याची गाडी गेली म्हणजे पुजाऱ्याची घंटी गेली! मी साकोलीचा बाबूलाल मिस्त्री गाठला. तो म्हणाला, "भाऊ, डिझेल टाकून देऊ. नागपूरले एका प्रवासी गाडीचं इंजिन पडून आहे. एकदम शेर!"

झालं! आमच्या अंगणातल्या मोहाच्या झाडाले चेनपुली बांधली. जुनं इंजिन वर उचललं तं झाड करकरलं, कोंबड्या पळाल्या, सारे शेजारी गोळा झाले. नवीन इंजिन निघालं थोराड. जागेत बसेच ना. मिस्त्रीनं इकडं कापलं, तिकडं वेल्डिंग मारलं, कसंबसं बसवलं. तरी दोन सीटांमधलं इंजिनाचं झाकण काही लागेना. शेवटी वरून पोतं टाकलं. बाकी जुन्या गाडीचं जे जे कामाचं होतं, ते त्यानं वाया नाही जाऊ दिलं. चावी तीच, आरसा तोच, डॅशबोर्डावरची काळी मूठही तीच.

काम झाल्यावर मिस्त्रीनं गाडी स्वतः चालवून पाहिली. काय आवाज होता! दारातली भांडी वाजली. गाडी बंद करून तो म्हणाला, "भाऊ, एक गोष्ट सांगून देतो. हे पाहा, ही मूठ..."

मी त्याले तिथंच अडवलं. "मिस्त्री, मले नको शिकवू! हिची नस अन् नस माहीत आहे मले. तू पोहे खा."

"पण भाऊ, डिझेलमध्ये..."

"अरे, पोहे थंडे होऊन राहिले!"

बिचाऱ्यानं पोहे खाल्ले अन् गेला.

इकडं सुनंदानं आपला निकाल देऊन टाकला. म्हणाली, "माझ्या माहेरची मंडई आहे. एकोडीले तुमच्याच खुर्च्या जायच्या आहेत. ही गाडी आपल्या पायानं एकोडीले पोचली तं ठेवा. नाही पोचली तं सोमवारी भंगारवाला येऊन राहिला. म्या त्याले सांगून ठेवलं आहे."

मंडई म्हणजे भाजीची मंडई नाही हो! आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते. लेकीबाळी, जावई, सारे येतात. दंडार होते, म्हणजे आमचं नाच-गाण्याचं सोंग. जिलेबी-चिवड्याची दुकानं लागतात. अन् सासुरवाडीच्या मंडईत जावई कसा गेला पाहिजे? ऐटीत! मी म्हटलं, "बस्स! पाहशीलच तू."

मंडईच्या दिवशी सकाळी गाडी धुतली. झेंडूचा हार घातला. इंजिनावर कुंकवाचा स्वस्तिक काढला, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबू ठेवले. मागं खुर्च्या भरल्या. खुर्च्यांच्या मधी आमचे दिवाळीचे पाहुणे कोंबले. समोर माझी आत्या बसली. वजनदार बाई, अन् बोलण्यातही वजनदार. इंजिनाच्या पोत्यावर पाय ठेवून म्हणाली, "चाल बापा, लिंबं पिळ!"

मी ऐटीत बसलो. पंचवीस वर्षांच्या सवयीनं काळी मूठ फर्रकन ओढली. तुम्हाले सांगतो, ती मूठ म्हणजे चोक. जुनं पेट्रोलचं इंजिन थंडीत तो ओढल्याशिवाय हूं का चूं करत नव्हतं. मूठ ओढली, देवाचं नाव घेतलं, चावी फिरवली.

घुर्र घुर्र घुर्र... फुस्स.

पुन्हा फिरवली. घुर्र घुर्र... फुस्स. वाटलं थंडी जास्त आहे, तं मूठ अजून ताणून ओढली. लिंबं जागच्या जागी!

मग काय विचारता! गाडी बंद पडली की आमच्याकडं प्रत्येक माणूस मिस्त्री होते. एक पाहुणा म्हणाला, "बॅटरी उतरली." दुसरा म्हणाला, "डिझेलच्या पायपात हवा धरली." नट ढिला करून हवा काढली, ती माझ्या नव्या सदऱ्यावर डिझेलसगट आली. शेजारची म्हातारी म्हणाली, "नजर लागली रे!" तिनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. दिवाळीले आलेल्या आमच्या जावयानं खिडकीतून मुंडकं घातलं अन् विचारलं, "मामाजी, आतलं सारं बरोबर आहे ना? मी पाहू का?"

"जावईबापू, गाडी माझी आहे का तुमची?"

जावयानं मुंडकं बाहेर घेतलं. त्याच्या घरी ट्रॅक्टर आहे हो! त्यानं आत एक नजर टाकली असती तं हा किस्साच झाला नसता. पण सासऱ्याची अक्कल आडवी आली ना!

"धक्का मारा!" मी हुकूम सोडला. "डिझेल गाडी आहे, धक्क्यावर अशी उडते का पाहतच राहा!"

सारे उतरले. आत्या म्हणाली, "मी नाही उतरत बापा, माझे गुडघे दुखतात." गाडी ढकलली. नाही उडाली. गावाबाहेर ढकलत नेली. नाही उडाली. जड होते म्हणून मागच्या खुर्च्या उतरवल्या. आता खुर्च्या रस्त्यावर कशा सोडायच्या? ज्याच्या त्याच्या डोक्यावर खुर्च्या दिल्या. धानाच्या बांध्यांमधून आमची मिरवणूक निघाली. समोर हार घातलेली गाडी, मागं दमलेले पाहुणे, त्यांच्या मागं डोक्यावर खुर्च्या घेतलेले पाहुणे. धान कापणाऱ्या बाया विळे थांबवून पाहून राहिल्या. एक म्हणाली, "बाई, कोणाची वरात आहे वं?"

सुनंदा धक्का मारता मारता ओरडली, "भंगाराची!"

सांगतो, तेव्हा खरंच रडू येऊन राहिलं होतं. सोमवारी माझी गाडी जाईल, लोक दारात येऊन विचारतील अन् मी काय बैलबंडीत भोंगे वाहू?

पुढं तळ्याची पाळ लागली. उताराले गाडीनं वेग घेतला. तेवढ्यात एक गड्डा आला. धाडकन्! आत्या उसळली, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला अन् किंचाळली, "मेली रे!"

अन् इंजिन डरकाळलं!

काळा धूर असा निघाला की मागचे पाहुणे दिसेनासे झाले. गाडी सुटली सुसाट. मी आनंदानं बेभान! "आत्या, चालू झाली! चालू झाली!" मागं कोणी ओरडून राहिलं होतं, "थांबा होऽऽ!" पण मी थांबतो का? थांबलो अन् बंद पडली तं?

एकोडीत हॉर्न वाजवत शिरलो. माझा साळा गजानन धावत आला. "या भाऊजी, या! काय गाडी झाली! बहीण कुठं आहे?"

"येऊन राहिली."

"खुर्च्या?"

"त्याही येऊन राहिल्या."

"कशानं?"

"...पायी."

गजाननानं रिकाम्या गाडीत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, अन् माझ्या तोंडाचा वास घेतला. खरं सांगतो!

मी चावी फिरवून गाडी बंद केली. गाडी चालूच! चावी बाहेर काढली. तरी चालू! चावी माझ्या हातात अन् इंजिन आपलं धडधड धडधड करून राहिलं. आत्यानं हात जोडले.

आता गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला की कोणतीही गाडी बंद पडते, एवढं मले माहीत आहे. पण मन म्हणे, येड्या, बंद पडली अन् पुन्हा चालू नाही झाली तं? साऱ्या सासुरवाडीसमोर? मी ठरवलं, बंद करायचीच नाही. अन् खालीही उतरायचं नाही. उतरलो अन् कोणी कुठं हात लावला तं सोमवार आलाच समजा!

तेवढ्यात खुर्च्यांची पलटण आली. सगळ्यांत पुढं सुनंदा, डोक्यावर दोन खुर्च्या, अन् तोंड असं की मी काच वर केली.

गजानन म्हणाला, "भाऊजी, गाडी बंद करा ना. चला, जेवून घ्या."

"नाही जमत," मी म्हटलं. "नवीन इंजिन आहे. पहिल्या दिवशी दिवसभर चालू ठेवावं लागते. त्यानं मऊ पडते इंजिन."

थाप मारली ती मारली, पण बाजूले गजाननाचा शेजारी मारोतीभाऊ उभा होता. त्यानं दिवाळीतच नवाकोरा ट्रॅक्टर घेतला होता. तो घाबरला. "मऊ पाडावं लागते? आम्हाले तं दुकानवाल्यानं सांगितलंच नाही!" तो गेला पळत, ट्रॅक्टर आणला अन् माझ्या बाजूले चालू करून ठेवला. त्याचं पाहून एकानं मोटारपंपाचं इंजिन बंडीवर टाकून आणलं. एकानं फटफटी आणली. दुपारपर्यंत तिथं असा धूर अन् असा आवाज झाला की दंडारवाले नाचून राहिले होते, पण गाणं कोणाले ऐकूच येईना. जिलेबीवाला खोकून बेजार. अन् लोक खिडकीत येऊन मले सल्ला विचारून राहिले होते! "भाऊ, माझ्या फटफटीले किती वेळ ठेवू?"

मी खिडकीतूनच वरण-भात खाल्ला, खिडकीतूनच पान खाल्लं, अन् खिडकीतूनच ज्ञान वाटलं.

दिवस कलला. पाहुणे निघाले. सुनंदा दोन्ही हातात चिवड्याच्या, बांगड्यांच्या थैल्या घेऊन आली. म्हणाली, "चला. गाडी पोचली तं आहे, पण खुर्च्या आम्ही आणल्या. आता परत आपल्या पायानं घरी नेऊन दाखवा, मग ठेवू." असं म्हणून ती समोरच्या दारातून चढायले लागली. हात भरलेले. आधारासाठी तिनं समोर जे दिसलं ते धरलं अन् ओढलं.

काळी मूठ!

फुस्स.

गाडी गप्प. दिवसभरात पहिल्यांदा दंडारीचा ढोलक ऐकू आला.

मारोतीभाऊनं मोठ्या आशेनं विचारलं, "पडलं का मऊ?"

चावी फिरवली. घुर्र घुर्र... फुस्स. संपलं! मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं अन् म्हटलं, "सुनंदा, ने बाई. दे भंगारात. माझ्याच नशिबात नाही."

पण सुनंदा त्या मुठीकडं टक लावून पाहून राहिली होती. "अजी, हे काय आहे?"

"चोक."

"म्या ओढला अन् गाडी बंद पडली."

तेवढ्यात तिच्या मागं दारात उभी असलेली आत्या हळूच बोलली, "सकाळी गड्ड्यात ते माझ्याच हातानं आत दबलं होतं रे. तेव्हाच गाडी चालू झाली. म्या सांगितलं नाही, म्हटलं तुटलं असेल तं हा बोंबलेल."

जावयानं सकाळपासून दाबून धरलेलं मुंडकं पुन्हा खिडकीत घातलं. मारोतीभाऊही वाकला. दोघं एकदमच बोलले, "अहो, हा स्टॉपर आहे! डिझेलले चोक नसते. हे ओढलं की इंजिन बंद होते!"

सुनंदानं मूठ आत दाबली. "फिरवा चावी."

पहिल्याच फेरीत इंजिन डरकाळलं! तिनं मूठ ओढली. फुस्स. दाबली, मी चावी फिरवली, डरकाळी! ओढली, फुस्स. पोरीसारखी खेळून राहिली होती ती. म्हणजे सकाळी मी स्वतःच्या हातानं इंजिनाचा गळा दाबून धरला होता, अन् साऱ्या सोयऱ्यांकडून धक्के मारून घेतले होते! मिस्त्रीनं जुन्या चोकाची मूठ स्टॉपरले जोडली होती, तो हेच सांगून राहिला होता, अन् मी त्याले पोहे चारले!

एकोडी काय हसली हो! दंडारवाल्यांनी नाच थांबवला. मारोतीभाऊ तेवढा हसला नाही. तो ट्रॅक्टरच्या टाकीत वाकून म्हणाला, "मग माझं डिझेल कायले जाळलं?"

घरी येतानी गाडी मऊ लोण्यासारखी धावली. सुनंदा पोत्यावर पाय शेकत बसली होती, गालात हसून राहिली होती. मी हळूच विचारलं, "मग? ठेवायची ना गाडी?"

"ठेवा. गाडी सोन्यासारखी आहे. इंजिनही चांगलं आहे."

"अन् भंगारवाला?"

"त्याले येऊ द्या. त्याले रिकाम्या हातानं कसं पाठवू? तुम्हालेच देते."

माझा जीव असा खुलला की मीही खदाखदा हसलो. वाटलं, मजाकच करून राहिली आहे.

सोमवारी भंगारवाला खरंच आला. सुनंदानं दारातून सांगितलं, "गाडी नाही द्यायची भाऊ. हे खुर्चीवर बसले आहेत ना, हे घेऊन जा."

त्यानं मले वरून खालपर्यंत नीट न्याहाळलं. त्याले मंडईची बातमी लागली होती. मान हलवून तो म्हणाला, "नाही ताई. आम्ही फक्त लोखंड घेतो, ठोंब्या नाही घेत."