दोन हातांचं चौंडकं

ज्या देवीचा जग मी अठरा वर्षं डोक्यावर वागवला, तिच्यावरच गेल्या वर्षी माझा राग होता. जग म्हणजे परडीत तांब्याची घागर, तिच्यावर देवीचा मुखवटा आणि मोरपिसं. तो डोक्यावर घेऊन हात न लावता नाचणं ही आम्हा जोगतिणींची कला. मी नाचायची आणि अक्का चौंडकं वाजवायची. काखेत दाबलेल्या चौंडक्याची तार ती डाव्या हाताने ओढायची, उजव्याने छेडायची. माझी मान जरा कलली की तिची तार सैल पडायची आणि माझं पाऊल आपोआप धीमं व्हायचं.

मी मुलगा म्हणून जन्मले. साडी नेसते म्हणून वडिलांनी गडहिंग्लजच्या घरातून हाकललं, तेव्हा एसटी स्टँडवर रडत बसलेल्या मला अक्काने कोल्हापूरला आणलं. तीही माझ्यासारखीच. तेव्हापासून घर म्हणजे ती.

मग अक्काला अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला. ती नीट जेवेना. खुंटीवरच्या चौंडक्याकडे पाठ करून पडून राहायची. दुसऱ्या कुणाच्या वाजवण्यावर माझे पाय चालेनात. मला एका जागी बसवत नव्हतं. घासलेली भांडी परत घासायची, देव्हाऱ्यासमोर देवीला शिव्या घालायची, लगेच घाबरून कान पकडायची. शेवटी मी देवीशीच पैज लावली. मार्गशीर्ष पुनवेला देवळात नाचेन. जग उभा राहिला तर आमचा, हात लावावा लागला तर तुझ्या पायाशी ठेवून जाईन.

अक्काला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ठिवलास तर मलाबी तिथंच ठिवून ये."

माझ्या मोबाइलमध्ये तिचं जुनं वाजवणं भरलेलं होतं. तेच स्पीकरवर लावू म्हटलं, अक्काच तर वाजवतेय! किती मूर्ख मी. पुनवेला देवळात नाचायला लागले तर चार पावलांतच मान कलली, पण मोबाइलमधल्या अक्काला ती दिसणार कशी? तार तशीच धावत राहिली. जग झुकला आणि मी तो दोन्ही हातांनी धरला. बायका कुजबुजल्या. पैज संपली होती. जग छातीशी धरून मी गाभाऱ्याकडे निघाले. पायरीवर अक्का मांडीवर चौंडकं घेऊन बसली होती. ते सोबत घ्यायचा हट्ट तिचाच होता. तिच्याकडे बघायचं माझं धाडस झालं नाही.

"थांब की गं, पोरी!"

देवळातल्या बैठकीच्या गाद्या भरून घेऊन आलेले एक म्हातारे गादीवाले चाचा हाक मारत होते. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते अक्काशेजारी येऊन बसले.

"बाईचा डावा हात जिता हाय की. तार तिनं वढायची, मी नुसता मारतो. कापूस पिंजायच्या कमानीवर जलमभर तारच मारलीया मी."

"ताल चुकंल, पावणं," अक्का म्हणाली.

"चुकू दे. तू वढून सांग की."

अक्काने चौंडकं काखेत घेतलं. चाचांचा हात पडला तो वेडावाकडा. मी जग पुन्हा डोक्यावर घेतला. अक्काचे डोळे माझ्या मानेवर खिळले. मान कलली आणि तार सैल झाली. चाचांचा हात तिच्यामागे सावकाश झाला, माझं पाऊल त्याच्यामागे. जग उभा राहिला. अक्का वाकड्या तोंडाने गाऊ लागली. मला रडू फुटलं, पण डोळे पुसायला मान हलवता येईना, म्हणून तशीच नाचत राहिले.

नाच संपल्यावर मी म्हटलं, "पण अक्का, पैज तर मी हरले."

"पैज तुझी हुती गं, तिची न्हवं. तिनं कवा काय मागितलंय? चल, भूक लागलीया मला."

देवीने चाचांना धाडलं की त्यांच्या गाद्या नेमक्या त्याच दिवशी भरून झाल्या, हा घोळ मी घालत बसत नाही. आता पुनवेला चाचा येतात. एरवी घरी मीच अक्काच्या उजव्या अंगाला बसते, आणि ती तार ओढेल तसा हात मारते.