सावलीतून उठवलेले काका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नागपूरला आईला नाही, आणि इथे अमेरिकेत, सिएटलजवळच्या रेडमंडच्या मैत्रिणींना तर नाहीच. त्यांना मी फक्त ट्रिपचे फोटो दाखवते. लाल कडे, निळंभोर आभाळ, मधोमध मी एकटी. "कसली डेअरिंग आहे यार तुझी!" म्हणतात. डेअरिंग! मी पटकन पुढचा फोटो सरकवते.

युटाच्या वाळवंटात दऱ्याखोऱ्यांची पार्कं आहेत, तिथे मी एकटीच हाइक करत फिरत होते. एकटी का? माणसांचा कंटाळा आला होता म्हणून. खरं सांगू? आपल्याच माणसांचा. इथे मराठी मंडळींच्या कुठल्याही पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला जा, पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की समोरच्या काकूंचा चेहरा जरासा थबकतो, आणि मग त्या नको तेवढं गोड बोलायला लागतात. त्या गोडव्याचा वीट आला होता. म्हणून मराठी कानावर पडलं की मी गॉगल चढवून सरळ अमेरिकन होऊन जायचे. तुम्ही नाही केलंत असं कधी? आपली माणसं दिसली म्हणून दुकानात दुसरीकडे वळला नाहीत?

त्या दिवशीची ट्रेल दरीत उतरणारी होती. असल्या ट्रेलचा चावटपणा असा, की उतरताना गंमत वाटते आणि चढताना जीव जातो. मी उतरत होते, आणि आपल्याकडचे एक वयस्कर काका-काकू चढत होते. टूरच्या बसने आलेले असावेत. काकूंच्या अंगात पंजाबी ड्रेस, पायात कोरे बूट. काका कड्याच्या सावलीत बसलेले, ओठ सुकलेले. मी पाणी प्यायला तिथेच टेकले. काकूंनी विचारलं, यू इंडिया? मी म्हटलं, नो, सिएटल. त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "इथलीच आहे. आपलं नाही कळायचं हिला."

मग काय, दोघं मोकळेपणी बोलले — माझ्यासमोर. काका म्हणाले, छातीत जड वाटतंय गं. बीपीची गोळीही सकाळी हॉटेलातच राहिली. पण पोराला फोन करू नकोस, ऑफिस सोडून धावत येईल.

शब्दन् शब्द कळला मला. काय बोलायचं होतं असं मोठं? काका, इथेच बसा, मी मदत बोलावते — एवढंच ना? पण आत्ताच तर मी सिएटलची झाले होते, लगेच मराठी कशी होऊ? लाज वाटली. आणि — हे त्याहून वाईट — मला ऊन वाढायच्या आत खाली नदीपर्यंत पोचायचं होतं.

काकूंनी मला विचारलं, अप, हाऊ मच? ट्रेलवर असं कुणी विचारलं की 'झालंच, आलंच' म्हणायची इथे रीतच आहे. मीही हसून म्हटलं, ऑलमोस्ट देअर! यू आर डुइंग ग्रेट! वरचं टोक बरंच लांब होतं. मी तिथूनच आले होते, पुढे कुठेही सावली नाही हे मला माहीत होतं.

"बघा, जवळच आहे म्हणते. उठा," काकू म्हणाल्या. आणि काका उठले.

मी नदीत पाय बुडवून बसले. फोटो काढले. परत चढताना ते दोघं मला सापडले, तिथून थोड्याच वर. काका वाटेवर आडवे, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, भोवती पार्कचे रेंजर. काकूंना येत होतं तेवढंही इंग्रजी पार उडालेलं. "गोळी राहिली हो त्यांची, बीपीची गोळी," एवढंच पुन्हा पुन्हा. रेंजर बाईने थांबलेल्या सगळ्यांना विचारलं, यांची भाषा कुणाला येते का? माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं तिने.

मी मान हलवली. सॉरी म्हटलं.

का? कारण आता तोंड उघडलं असतं तर मघाशीही मला कळत होतं हे काकूंना समजलं असतं. बस, एवढंच. पुढे कितीतरी दिवस मी मनाशी आडनावाचं कारण घोळवलं. ते दुखणं खरं आहे, खोटं नाही. पण त्या दोघांनी मला आडनाव विचारलंच नव्हतं! माझं खरं दुखणं मी माझ्या भेकडपणावर पांघरूण म्हणून वापरलं. काकांचं पुढे काय झालं, तेही मी कुठे विचारलं नाही. विचारता आलं असतं.

मी निघणार तेवढ्यात काकूंनी मला ओळखलं. रेंजर बाईचा हात धरून माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, झालं, कळलं यांना. पण त्या म्हणाल्या, "ही पोरगी मोठी गुणाची हो. हिनंच आम्हाला धीर दिला."

मराठीत म्हणाल्या. तिथे ते फक्त मला कळलं, आणि मी काहीच न कळल्यासारखी बाजूने वाट काढून वर निघून गेले.