लोनीने घेतलेला काळा शेरा

लोनी साइझमोर गेल्याचं वेंडेल टॅकेटला स्कॉटलंडमधल्या डंडीत, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये सूप पिताना कळलं. फोन लोनीच्या आईचा होता. टायरच्या दुकानात काम करता करता तो कोसळला आणि उठलाच नाही, एवढंच त्यांना बोलता आलं. वेंडेलने फोन ठेवला, सूप संपवलं आणि तो तासाला जाऊन बसला. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

दोघेही अमेरिकेतल्या केंटकीच्या एकाच गावचे. बाप खाणीत, आजा खाणीत. पोरांना खाणीत जायचं नव्हतं म्हणून ती सैन्यात गेली आणि तिथे रस्त्यात पुरलेले सुरुंग उकरायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. अफगाणिस्तानात एका स्फोटाने दोघांना उडवलं. वेंडेलची पाठ कामातून गेली. लोनी धडधाकट दिसायचा, पण त्याच्या डोक्यात ठणका बसला तो कायमचा.

पाठीसाठी मिळालेल्या गोळ्या संपल्या, तरी वेंडेलला त्या सुटल्या नाहीत. त्याने तळावरच्या औषधांच्या पेटीतून एक बाटली लांबवली. झडतीत ती दोघांच्या खाटांच्या मधे सापडली.

"कुणाची?" सार्जंटने विचारलं.

वेंडेलने नजर खाली घातली. लोनी म्हणाला, "माझी."

नंतर तो हसत म्हणाला होता, "अरे, फार तर महिनाभर संडास धुवायला लावतील. तुला कॉलेजात जायचंय ना? तुझ्या कागदाला डाग नको."

संडास धुण्यावर भागलं नाही. लोनीच्या कागदावर काळा शेरा मारून त्याला घरी पाठवलं. तसा शेरा असला की शिक्षणाचा खर्च नाही, माजी सैनिकांच्या इस्पितळात पाऊल ठेवता येत नाही. वेंडेल मात्र मुदत संपवून, चांगल्या वर्तनाचा दाखला घेऊन बाहेर पडला. सरकार त्याच्या शिक्षणाचा खर्च द्यायला तयार होतं, परदेशी विद्यापीठ असलं तरी. त्याने स्कॉटलंड निवडलं. त्याला पूल बांधायला शिकायचं होतं, हे खरं. पण डंडीत लोनीची आई रस्त्यात भेटणार नव्हती, हेही तितकंच खरं.

लोनी अधूनमधून फोन करायचा. "काय प्रोफेसर, तिथल्या बाप्यांसारखा घागरा नेसायला लागलास की नाही अजून?"

एकदा मात्र तो हसला नाही. "हे बघ, शेरा बदलून मिळतो म्हणतात. सोबतच्या माणसाचं पत्र लागतं. दोन ओळी खरड की. डोकं फार दुखतंय रे, आणि इथे कुणी दारात उभं करत नाही."

"लिहितो. परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाली. ईस्टरची सुट्टीही संपली.

"विसरलास काय?"

"नाही रे. प्रोजेक्ट आहे, मान वर करायला वेळ नाही."

लोनी म्हणाला, "बरं. तुझं होऊ दे आधी." पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

वेंडेलने पत्र चारदा लिहायला घेतलं. चारही वेळा 'गोळ्या माझ्या होत्या' या वाक्यापाशी त्याचा हात थांबला. दाखला गेला तर फी जाईल, व्हिसा जाईल, या वयात परत गावी जाऊन करणार काय? दोन महिन्यांनी लोनी गेला.

दफनानंतर आठवड्याने ओपलबाईंचा, म्हणजे लोनीच्या आईचा, पुन्हा फोन आला. "वेंडेल, त्याच्या थडग्यावर सैन्याकडून मिळतो तो दगड लावता येत नाही म्हणे. त्या शेऱ्यामुळे. तू शिकलेला आहेस, बाळा. सैन्याला चार चांगले शब्द लिहून देशील?"

'बाळा' ऐकलं आणि वेंडेलला खोटं पुढे रेटता येईना. "ओपलबाई, गोळ्या त्याच्या नव्हत्या. माझ्या होत्या."

"तुझ्या?"

"हो."

"मी त्याला जेवणावरून उठवलं होतं," त्या म्हणाल्या. "थँक्सगिव्हिंगच्या सणाला. सगळ्यांदेखत. चोर म्हणाले मी त्याला, माझ्या तोंडाने. आणि तो उठून गेला रे. एक शब्द बोलला नाही."

"ओपलबाई..."

"लिही. सगळं लिही. आणि मला परत फोन करू नकोस."

त्या दुपारी पत्र एका दमात लिहून झालं. सही करून त्याने ते सैन्याकडे पाठवलं आणि त्याची एक प्रत घेऊन तो विद्यापीठाच्या कचेरीत गेला. माजी सैनिक विद्यार्थी वर्गात हजर असतात की नाही, हे अमेरिकन सरकारला कळवायचं काम तिथल्या मोर्वेन गेडिस या बाई करत. त्यांनी प्रत दोनदा वाचली.

"मी काय करावं म्हणता?"

"माझे पैसे बंद करा."

"तुमचा दाखला माझ्या हातात नाही, मिस्टर टॅकेट. तुम्ही वर्गात येता, एवढंच मी कळवते." त्यांनी कागद परत दिला. "येता ना?"

"येतो."

"मग मला तेच लिहावं लागेल."

वेंडेल रोज चौकशीची वाट पाहत राहिला. कुणी विचारलं नाही. पैसे वेळेवर येत राहिले आणि त्यानेही ते नाकारले नाहीत. दीड वर्षाने तो चांगल्या गुणांनी पास झाला. समारंभाला तो गेला नाही.

गावी परतल्यावर तो सगळ्यात आधी ओपलबाईंच्या घरी गेला. त्या जाळीच्या दाराआडच उभ्या राहिल्या. खूप वाळल्या होत्या. आत ये म्हणाल्या नाहीत.

"शेरा बदलला," त्या म्हणाल्या. "दगड आलाय. नाव बरोबर कोरलंय."

"बघून येऊ का?"

"ती जागा काय माझ्या मालकीची आहे?" मग त्यांनी विचारलं, "पूल बांधायला शिकलास?"

"शिकलो."

त्यांनी मान हलवली आणि आतलं दार लावून घेतलं. पायऱ्यांवर थोडा वेळ उभा राहून वेंडेल चर्चमागच्या टेकडीवरच्या दफनभूमीकडे चालू लागला.