भावाच्या तोंडासमोरचा गुलाब

लोक गुलाब लावतात ते हौसेनं. मी लावला तो निव्वळ खुन्नस म्हणून.

वारूळवाडीत आमच्या वडिलांच्या जमिनीत एक तारेची जाळी उभी आहे. जाळीच्या दक्षिणेला माझ्या धाकट्या भावाचं घर, त्यामागं त्याची द्राक्षबाग. उत्तरेला मी, पुण्यातली नोकरी संपल्यावर बांधलेल्या दोन खोल्यांत. वडील गेल्यावर सगळ्या बहिणी करतात तशी हक्कसोडाची सही मी केली नाही, म्हणून ही जाळी. आमच्याकडे बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि बदल्यात माहेर राखायचं. म्हणजे दिवाळीची साडी, निघताना पिशवीत शेंगा आणि भावाच्या तोंडून 'आक्का' अशी हाक. मला जमीनही हवी होती आणि भाऊही. दोन्ही मागणारी बहीण हावरट ठरते. मीही ठरले.

जाळी ठोकल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. रोज सकाळी पडवीत खुर्ची टाकायचा, माझ्या दाराकडे तोंड करून चहा प्यायचा आणि असा घसा खाकरायचा की माझ्या अंगणातल्या चिमण्या उडायच्या. हा माणूस लहानपणी माझ्या कडेवरून उतरत नव्हता. आता माझं दार त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. म्हटलं, खुपतंच आहे तर नीट खुपू दे.

म्हणून वेलाचा गुलाब. फूल मोठं हवं, त्याला पडवीतून चष्म्याशिवाय दिसेल एवढं. रंग फिका गुलाबी, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा, कारण लाल आणि राणी रंग तर गावात कोणाच्याही दारात असतो. आणि पुन्हा पुन्हा फुलणारा हवा. वर्षातून एकदा फुलून गप्प बसणारा मला चालणार नव्हता. भावाला एक महिनाही सुटका द्यायची नव्हती.

पहिलं रोप मी हिवाळ्यात घेतलं आणि फसले. हिवाळ्यात काय, सगळेच गुलाब फुलतात. घरी आणल्यावर कलमाखालचं जंगली खोड जोमानं फुटलं, वरचं कलम वाळून गेलं, आणि वर्षानं त्या जंगलाला बटणाएवढी पांढरी फुलं आली. पलीकडून भाऊ मोठ्यानं हसला. मी ते झाड उपटलं, मुळांच्या मातीसकट हायवेवरच्या नर्सरीत नेलं आणि मालकाच्या टेबलावर ठेवलं.

"ताई, ह्ये आमचं न्हाई," तो म्हणाला.

"मग मी काय डोंगरातून आणलं?"

दुसऱ्या वेळी मी भर मे महिन्यात गेले. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचे दात बघतात, तशी एकेक पिशवी उचलून बघितली. मालक मोबाइलमधले फोटो दाखवत होता. मी म्हटलं, फोटो तुमच्या भिंतीला लावा. ज्या रोपावर वाळलेलं फूल, उमललेलं फूल आणि कोवळी कळी एकाच वेळी आहे तेच मी घेणार. असं रोप एकच निघालं, मागच्या कोपऱ्यात, शेडनेटच्या बाहेर उन्हात पडलेलं. फूल माझा तळहात भरेल एवढं होतं. कलमाचा सांधा नखानं खरवडून बघितला आणि मग पिशवी उचलली.

"कुटं लावणार?" मालकानं विचारलं. मी जाळी कुठं, ऊन कुठून येतं ते सांगितलं. तो म्हणाला, "मग काय फायदा न्हाई ताई. फुलं समदी दक्षिणंला त्वांड करतील. तुमाला नुसत्या पाठी दिसत्याल."

"तेच पाहिजे," मी म्हटलं.

लावलं त्या संध्याकाळी भाऊ फोन कानाला लावून जाळीजवळ आला. फोनवर पलीकडे कोणी नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. "दारात काटं लावलं की घरात भांडणं लागत्यात," तो फोनला म्हणाला.

मी तुळशीला पाणी घालत होते. तुळशीला म्हटलं, "भांडण आधी लागलंय, बाई. काटे मागून आले."

वेल रुजला. लांब काड्या मी जाळीवर आडव्या बांधत गेले, म्हणजे डोळ्याडोळ्याला फूट येते. पुढच्या हिवाळ्यापासून तो असा फुलला की रस्त्यावरची माणसं मोटरसायकल थांबवायची. ती भावाच्या बाजूनं बघायची आणि त्यालाच विचारायची, "राव, कुठनं आणलं?" तो तडक आत जायचा. माझे ते दिवस फार सुखात गेले, हे मी लपवत नाही.

एप्रिलमध्ये मी महाळुंगे पडवळला लग्नाला गेले आणि परत आले तर जाळी उघडी पडलेली. वेल हातभर उंचीवर सपासप छाटलेला. द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, तशी. जमिनीवर माझ्या सगळ्या काड्या, कळ्यांसकट. माझ्या तोंडून ज्या शिव्या गेल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत.

मग वाकून बघितलं. प्रत्येक कापावर निळसर पेस्ट लावलेली होती, मोरचूद आणि चुन्याची. छाटलेल्या जखमेत रोग शिरू नये म्हणून द्राक्षवाले लावतात ती. एकही काप सोडलेला नव्हता. मारायला आलेला माणूस जखमेला औषध लावत नाही. मी तिथंच रडले. वाटलं, ह्याला दुसरं काही येत नाही, जे येतं ते त्यानं माझ्यासाठी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कप चहा केला आणि एक कप घेऊन जाळीपाशी गेले. तो उठून आला.

"काडी लई माजली व्हती," तो म्हणाला. "छाटल्याबिगर जोर येत न्हाई."

"द्राक्ष न्हाई ते," मी म्हटलं, पण गोड आवाजात. "पण पेस्ट चांगली लावलीस."

"मग! आपल्या रानातलं हाय, मरू देतो व्हय?" आणि मग कित्येक वर्षांनी त्यानं ती हाक मारली. "आक्का, आता सही करून टाक. म्हंजे मी बघतो समदं. वेल बी."

कप अजून माझ्याच हातात होता. आपल्या रानातलं म्हणजे त्याच्या रानातलं, हे मला तेव्हा कळलं. त्यानं माझ्या वेलाला औषध लावलं नव्हतं. स्वतःच्या वेलाला लावलं होतं.

मी चहा वेलाच्या बुडाशी ओतला. "मुळं माझ्या बाजूला हायत," मी म्हटलं. "पुन्हा कात्री लावलीस तर हात राहणार न्हाई."

वेलानं पावसाळ्यात पुन्हा जोर धरला आणि दसऱ्यापासून फुलतो आहे. भावानं पडवीतली खुर्ची फिरवून घेतली. आता तो उघड्या दारातून मागच्या बागेकडे तोंड करून चहा पितो आणि घसाही खाकरत नाही. मी रोज सकाळी माझा चहा घेऊन दारात बसते. समोर फुलांच्या पाठी असतात, आणि त्यांच्या पलीकडे भावाची पाठ.